पेटीतली बाई अन् जुलेखाबी

रवि. ४ ऑक्टो. १९८७
लिही नंदे. चुका काढू नको, आजी सांगायलीय तसं लिही.
आजबी सगळी गल्ली आपल्या टी.व्ही.समोर. मालिकेत ती लेकरं चोरणारी बाई आली. काळा बुरखा, डोळ्यांत सुरमा. बाळंतिणीच्या कुशीतलं लेकरू उचलून पळाली. जुलेखाबी सुईण माझ्या मांडीला मांडी लावून बघायलती. म्हणाली, "अक्का, चोरी करने कू हमारेच कपडे कायकू पेनाते ये लोगां?" सगळे हसले. मी जरा जास्तच. तोंडावर पदर ओढून धाकट्या सुनेच्या पोटावर झेप घेतली, "ला, बच्चा दे!" शांता किंचाळली. पयलटकरीण पोर, नववा लागलाय.

बुध. ७
जुलेखाबी तेल घेऊन आली. बाळ आडवं हाय. दर बुधवारी चोळून थोडं थोडं वळवती. ह्या घरातली चार लेकरं तिच्याच हातची. नंदे, तूबी.
शांतानं आतून कडी लावली. "मला शिवायचं न्हाई त्या बाईनं."
"झोपलीय गं," मी बाहेर खोटं बोलले. कडी वाजली ती जुलेखाबीला ऐकू गेलीच असंल. तेलाची वाटी ठेवून गेली.

शुक्र. ९
शांताला म्हणलं, टी.व्ही.तली बाई पगारी हाय, येडे.
म्हणती, "मग तुमाला ती इतकी बरोबर कशी जमली, आत्याबाई?"
जुलेखाबीचा अन् माझा चाळीस वर्सांचा शेजार.

रवि. ११
मी टी.व्ही. लावू दिला न्हाई. जुलेखाबी तशीबी आली न्हाई.
तेल मी चोळलं. डोकं कुठं, पाय कुठं, माझ्या हाताला कळंना. आडवंच ऱ्हायलं तर... हे लिहू नको. लिहिलंस? असू दे.

मंगळ. १३
लिही, तुझे तरी हात कामाला लागू देत.
दुपारपासून कळा. बीदरच्या दवाखान्याकडं जाणारी बस सकाळीच गेली. तुझा बाप जीप बघायला गेलाय, पत्ता न्हाई. अनवाणीच गेले जुलेखाबीकडं. "माझं चुकलं" म्हणायच्या आत तिनं गठुडं उचललं. हात धुतले, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. "पैले बहू कू पूछो, अक्का. वो डरी तो पेट पत्थर होता. फिर बच्चा नै फिरता."
शांताला इचारलं. तोंड भिंतीकडं.
पुन्हा इचारलं.
"तुमी हात धरून बसताव?"
"बसते की."
"मग तिला म्हणावं..." अन् कळ आली.
कळांवर कळा यायल्यात, तिचं वाक्य अर्धंच ऱ्हायलंय. जुलेखाबी उंबऱ्याबाहेर उभीच हाय.