डाव्या टोकाचे बूट

शनिवार, ६ ऑक्टोबर १९७३

आलो बाई एकदाचे! ब्रॅडफर्डच्या गिरणीतला धूर आयुष्यभर छातीत भरून घेतला, तेवढा पुरे झाला. आजपासून मी, एनिड सग्डेन, ‘काळी मेंढी’ पबची मालकीण. माझा नवरा क्लिफ तर लहान पोरासारखा हुरळलाय. डॉक्टरांनी छातीसाठी त्याला रोज चढ चढायला सांगितलंय आणि रूक टेकडी आमच्या परसदारीच उभी आहे. गिरणीने त्याची अर्धी छाती खाल्ली, उरलेली तरी मला जपायची आहे.

टेकडीवरची पायवाट थेट आमच्या पोर्चमध्ये उतरते. टेकडी भटकून येणारी मंडळी चिखलाचे बूट तिथल्या बाकावर काढतात आणि नुसत्या मोज्यांवर आत येतात. इथली जुनी रीत आहे. मग फायरप्लेससमोर ओल्या लोकरीचा वास, पाव, चीज, कांद्याचं लोणचं, आणि मोज्यांच्या भोकांतून डोकावणारे अंगठे! एका वकीलसाहेबांचा अंगठा बघून माझ्या हातून बिअर सांडता सांडता राहिली.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

बाकाच्या डाव्या टोकाला एक जोडी कायम पडलेली असते. तपकिरी, टाचा झिजलेल्या, एका बुटाला नाडीऐवजी सुतळी. पब रिकामा झाला तरी ती हलत नाही. अँब्रोज प्राइस नावाचा म्हातारा मेंढपाळ रोज खिडकीशी बसतो. त्याला विचारलं, कुणाचे हो हे? तर म्हणाला, ज्याचे आहेत तो नेईल मालकीणबाई, तुम्ही नका हात लावू. अहो पण तो कोण, असं विचारल्यावर म्हणतो कसा, उद्या पाऊस येईलसं दिसतंय. लगेच सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पावसावर गप्पा सुरू. नको तो विषय निघाला की या लोकांना आभाळ आठवतं.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

चर्चच्या जुन्यापुराण्या वस्तूंच्या विक्रीसाठी पाद्रीबाई, म्हणजे पाद्रीसाहेबांची बायको, सामान मागायला आल्या होत्या. दोन उशा दिल्या, क्लिफची ती भयंकर टोपी त्याच्या नकळत दिली, आणि ते बूटही देऊन टाकले. बेवारशी पसारा मला खपत नाही, मग कोणी काही म्हणो. रिकाम्या जागेवर फडकं मारलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

सोमवार, २२ ऑक्टोबर

अँब्रोजने बाक पाहिला आणि तो आत आलाच नाही. पोर्चमध्ये उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. तो लहान असताना, ऐन बर्फात, एक परका माणूस टेकडी उतरून आला होता. बूट काढून आत शेकत बसला. निघताना बघतो तर त्याचे बूट दुसराच कुणी घाईत घालून गेलेला. भिडेपोटी त्याने कुणाकडे बूट मागितले नाहीत, आणि भिडेपोटीच त्याला कुणी विचारलंही नाही. तो तसाच मोज्यांवर बाहेर पडला. वरच्या कुंपणाशी गारठून मेलेला सापडला. बूट नेणारा अँब्रोजचाच बाप होता. त्याने ते परत आणून ठेवले, आणि तेव्हापासून ते तिथेच होते.

मी हसण्यावारी नेलं. मग ॲप्रन न सोडताच चर्चकडे धावले. बूट विकले गेले होते. कुणीतरी वाटसरू घेऊन गेला, एवढंच पाद्रीबाईंना आठवत होतं.

बुधवार, २४ ऑक्टोबर

गिऱ्हाइकं कुरकुरतायत. बूट आतून ओले, नाड्या सुटलेल्या. मला वाटलं पोर्च गळतोय. क्लिफने शिडी लावून बघितलं, छप्पर कोरडं ठणठणीत. फरशीवर मात्र ओली पावलं होती. बुटांची नव्हेत, मोज्यांची. लोकरीची वीणसुद्धा उमटली होती. एका जोडीपाशी थांबलेली, मग पुढच्या जोडीपाशी, मग त्याच्या पुढच्या.

तो घालून बघतोय. कुणाचे आपल्याला होतायत ते.

रविवार, २८ ऑक्टोबर

क्लिफला सांगितलं, तुझे बूट घरात ठेव, मी पाया पडते. तो हसत सुटला. म्हणाला, बाईसाहेब, चिखल घेऊन आत आलो तर तूच लाटणं घेऊन धावशील. खरं आहे मेलं. नियम माझाच.

त्याच्या डाव्या मोज्याची टाच रफू केली. लक्ष सगळं पोर्चकडे, गाठ मोठी राहिली. तर म्हणतो, आता टाचेखाली वाटाणा घेऊन टेकडी चढू का? मला हसू आलं नाही. त्याचं सगळं थट्टेवारी.

मंगळवार, ३० ऑक्टोबर

क्लिफचे बूट गेले. बाकी सगळ्यांचे कोरडे, जागच्या जागी. दुपारचा पब बंद करत होतो. धुक्यात पायवाटेवर कुणीतरी चढताना त्याला दिसलं — त्याचेच बूट पायात. अहो थांबा, चुकून माझे घातलेत, असं ओरडत तो मागे पळाला. मोज्यांवर. जाऊ दे रे क्लिफ, मी ओरडले, जाऊ दे, नवे घेऊ. तो हात हलवून पुढे गेला.

अंधार पडत आलाय. अजून नाही आला.

बुधवार, ३१ ऑक्टोबर

सगळं गाव टेकडीवर. पोलीस, कुत्री. धुकं हटत नाही. काहीच सापडलं नाही. कुणी माझ्याकडे बघत नाही. सगळे आभाळाकडे बघतात.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

बूट परत आलेत. क्लिफचे. डाव्या टोकाला, नीट जोडीने ठेवलेले, भिजून चिंब.

अँब्रोज रडला. म्हणाला, आता तरी हात लावू नका, तो नेईल.

तो म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

रविवार, ४ नोव्हेंबर

पब बंदच. दुपारीच काळोखलंय. पोर्चमध्ये ओली पावलं. मोज्यांची. डाव्या टाचेपाशी वाटाण्याएवढी खूण —

माझी गाठ. माझ्या हातची गाठ आहे ती.

आता आवाज येतोय. बाकावर हात फिरतोय कुणाचा तरी. डाव्या टोकाला. पुन्हा तिथेच. पुन्हा —

शोधतोय. अरे देवा, तो बूट शोधतोय, आणि मी — इतके ओले होते, त्याला गार लागतील म्हणून मी सकाळीच आत आणून फायरप्लेसपाशी वाळत —

बाक रिकामा आहे.

कडी हलली. दार मी लावलंच नव्हतं, तो येईल म्हणून —

क्लिफ, हे घे, हे बघ तुझे, गरम केलेत रे राजा, तुझ्यासाठीच — फक्त माझ्या पायातल्या बुटांकडे असं नको बघू —