भरतीच्या दिवशी माझी छाती चांगली होती

मी, जयवंत कुशाबा तांबे, वय वर्षे अठ्ठावीस, धर्म बौद्ध, शिक्षण मराठी सहावीपर्यंत, धंदा पूर्वी फौजेत शिपाई व हल्ली स्टोव्ह-दुरुस्ती, राहणार चिंचपोकळी, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे व आज अंगात ताप नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. उलट या कागदाने दोन माणसांवर दडपण यावे अशी माझी इच्छा आहे आणि ती मी लपवत नाही. सोमवारी परळच्या हॉस्पिटलात क्षयासाठी माझ्या डाव्या बाजूच्या काही फासळ्या काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक वाचशील. 'बहुतेक' एवढ्यावर मला झोप आली नाही, म्हणून लिहायला बसलो. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. खाडाखोड झाल्यास तिच्या शेजारी सही करीन.

कलम १. खोलीची भाडेपावती माझ्या नावाची आहे. माझ्यामागे खोली, भांडी, लोखंडी ट्रंक व घड्याळ हे सर्व माझी पत्नी चंपा हिचे. तिला पुन्हा लग्न करावेसे वाटले तर कोणी आडवे येऊ नये. त्या माणसाची छाती मात्र आधी तपासून घ्यावी, आणि ती फौजेच्या डॉक्टरकडून तपासू नये.

कलम २. स्टोव्हची हत्यारे, म्हणजे पाने, पिना, पकड व जुने बर्नर, हीही चंपाची. तिला काम येते. वॉशर बसवताना ती घाई करते. चामड्याला तेल लावून, थोडे मुरू देऊन मग बसवावा. हॉटेलवाल्यांना उधारीवर काम करून देऊ नये.

कलम ३. माझ्या आजाराची हकीकत. ती मृत्युपत्रात नसते असे मला सांगण्यात आले, पण माझ्याजवळ मागे ठेवण्यासारखी मोठी वस्तू हीच आहे.

भरतीच्या दिवशी डॉक्टरने माझ्या छातीला फीत लावली, श्वास भरून घ्यायला सांगून पुन्हा लावली, पाठीवर बोटे वाजवली आणि 'फिट' असे लिहिले. त्यानंतर मी चार वर्षे पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढलो. काश्मीरच्या ठाण्यावर दुसऱ्या हिवाळ्यात ओल्या बंकरमध्ये आम्ही सहाजण एका शेगडीभोवती झोपत होतो. त्यातला एक आधीपासून खोकत होता. मग दुसरा खोकू लागला, मग मी. रक्त पडले तेव्हा मला खाली आणले, हॉस्पिटलात ठेवले आणि शेवटी नोकरीतून कमी केले. पेन्शनच्या अर्जाला उत्तर आले की आजार नोकरीमुळे झालेला नाही व नोकरीमुळे वाढलेलाही नाही. त्यामुळे मला पेन्शन नाही, फौजी हॉस्पिटलात खाट नाही, आणि मी मेलो तर चंपालाही काही नाही.

सरकारचा नियम मी वाचून घेतला आहे. भरतीत चांगला ठरलेला माणूस चांगलाच होता असे धरून चालायचे. पण आजार आधीचा आहे असा पुरावा निघाला तर धरायचे नाही. माझ्या बाबतीत पुरावा निघाला. तो माझ्याच घरातून निघाला.

मी फौजी हॉस्पिटलात असताना चौकशीचा माणूस खोलीवर आला होता. चंपा तेव्हा गावी होती. घरी माझे चुलते गणपतकाका होते. काकांनी तीस वर्षे मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले. मिलमधली रीत त्यांना पाठ आहे: दुखणे जेवढे जुने दाखवाल तेवढा मालक अडकतो आणि तेवढी भरपाई मोठी. फौज हीसुद्धा त्यांना एक मोठी मिलच वाटली. पुढे त्यांनी मला स्वतः सांगितले, "अरे जयवंता, मी वाढवून बोललो ते तुझ्याच भल्याला. म्हटलं, पोरगा पाळण्यापासून खोकतोय. याचा बापूस पण खोकूनच गेला. सायब म्हणाला, बरं झालं सांगितलंत. आणखी काय?"

माझे वडील गोदीत अंगावर पेटी पडून वारले. ते खोकत नव्हते.

कलम ४. तो 'साहेब' म्हणजे पेन्शनच्या चौकशी-कचेरीतला रमाकांत सावंत. तो स्वतः फौजेतून हवालदार होऊन आलेला आहे. काकांच्या बोलण्याने माझे काय होणार हे काकांना माहीत नव्हते, रमाकांतला माहीत होते. म्हातारा पुतण्याचा खड्डा खणत होता आणि रमाकांतने 'आणखी काय?' म्हणून त्याच्या हाती मोठे फावडे दिले. चहाही आमच्याच घरचा प्यायला. मी कचेरीत जाऊन विचारले तेव्हा म्हणाला, "तांबे, यात माझं एक अक्षर नाही. तुमच्या काकांनी सांगितलं तेच उतरवलंय." हे खरे आहे, म्हणूनच त्याला हात लावता येत नाही. गेल्या झेंडा दिनाला त्याच माणसाने माझ्या सदऱ्याला कागदी झेंडा टोचला आणि माजी सैनिकांच्या मदतीचा डबा पुढे केला. मी त्यात नाणे टाकले. चारचौघांत नाही म्हणता आले नाही, याचा मला अजून संताप येतो.

रमाकांत सावंत यास मी माझे थुंकीचे झाकणाचे भांडे देत आहे. चंपाने ते उकळून, फिनेलने धुऊन, उन्हात वाळवून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवावे. मला त्याचा जीव नको. त्याने त्यात टाक-पेन्सिली ठेवाव्यात आणि लिहिताना रोज बघावे. काश्मीरच्या नोकरीबद्दल मिळालेले माझे पदकही त्याच वेळी त्याच्याच हातून सरकारला परत करावे. पोच घ्यावी. तो पोच देताना काचकूच करील. तिथून उठू नये.

कलम ५. अंत्यविधी. आम्ही छप्पन साली बुद्धाच्या वाटेला लागलो. म्हणून तेरावे, पिंड, कावळा यातले काही करू नये. त्रिशरण म्हणावे, तेवढे पुरे. आमच्या भावकीत पुढचा पहिला खांदा घरातल्या वडीलधाऱ्याचा असतो. माझ्या तिरडीला गणपतकाकांचा खांदा लागू नये. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्च्यात ते झेंडा घेऊन पुढे असतात. माझ्या मयतीत त्यांनी सर्वांच्या मागे चालावे. गोळीबाराच्या दिवसांत पोलिसांनी त्यांना चौकीवर नेऊन नावे विचारली. पाठ सुजेपर्यंत मार खाल्ला, पण एक नाव सांगितले नाही. याबद्दल चाळीत त्यांचा मान आहे आणि तो असावा. पण त्याच्या आधी ते तोंड रमाकांतपुढे कोणी न मारता उघडले होते.

कलम ६. काका आमच्या खोलीच्या माळ्यावर राहतात. त्यांनी हयातभर तेथेच राहावे व कोणी त्यांना काढू नये.

वाचणाऱ्याला वाटेल की येथे माझा राग ओसरला. तो ओसरलेला नाही. कोर्टाबाहेर अर्ज लिहिणारे आमचे शेजारी बाबुराव खरात यांनी मला कायदा सांगितला की जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून आज दुपारी मी काकांना साक्षीदार म्हणून बोलावले आणि बाबुरावांना वरचे सगळे मोठ्याने वाचायला लावले. शेवटी काकांच्या तोंडचा हा मजकूर मी तयार ठेवला होता:

"मी, गणपत राघू तांबे, सांगतो की जयवंतास भरतीपूर्वी कसलाही खोकला नव्हता. त्याचे वडील गोदीत अपघाताने वारले. चौकशीत मी याच्या उलट सांगितले ते खोटे होते."

मी काकांना समजावून सांगितले. अंगठा दिला तर माळा गेला आणि हा जबाब राहिला. तो घेऊन चंपा माझ्यामागे अपील करील. अंगठा दिला नाही तर माळा त्यांचा आणि चंपाच्या हाती काही नाही. त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर ठरवावे अशी माझी इच्छा होती, म्हणून मी उशीला न टेकता बसून राहिलो.

काकांनी बाबुरावांना विचारले की जबाब फिरवला तर शिक्षा होते का. बाबुराव म्हणाले, होऊ शकते.

काका म्हणाले, "खोटं बोललो तवा सायब चहा पिऊन, बरं झालं म्हणून गेला. खरं बोललो तर तुरुंग?"

चंपा चुलीकडे तोंड करून बसली होती. ती म्हणाली, "अहो, तुम्हांला पेन्शन हवीय की काकांना हरवायचंय?"

मी म्हणालो, "दोन्ही."

खाली नळावर बायकांचे भांडण चालले होते, ते ऐकू येत होते. काकांनी मला विचारले, "खांद्याचं लिवलंयस ते खोडशील?"

मी नाही म्हणालो.

त्यांनी बाबुरावांकडे शाईची गादी मागितली. डाव्या अंगठ्याचे पेर मिलमध्ये साच्यात गेलेले आहे, म्हणून उजवा पुढे केला. दाबताना म्हणाले, "माळ्यावर तसं पण हल्ली चढवत नाय."

हे मी जसे घडले तसे लिहिले आहे. कलम ६ मधला माळ्याचा हक्क आता रद्द समजावा. चंपा त्यांना खाली अंथरूण घालून देणार असेल तर तो तिचा अधिकार आहे; खोली तिची आहे आणि तिला अडवायला मी असणार नाही. कलम ५ मी खोडलेले नाही. मी सोमवारनंतर वाचलो तर काकांना घेऊन स्वतः कचेरीत जाईन, रमाकांतच्या टेबलासमोर त्यांना खुर्चीवर बसवीन आणि मग त्या कलमाचा विचार करीन. न वाचलो तर ते जसे आहे तसे पाळावे.

ठिकाण: चिंचपोकळी, मुंबई
शनिवार, तारीख ८ ऑगस्ट १९५९

सही: जयवंत कुशाबा तांबे

साक्षीदार पहिला: बाबुराव सखाराम खरात, अर्जनवीस. माझ्या समक्ष सही झाली.

साक्षीदार दुसरा: गणपत राघू तांबे, माजी साचेवाला, यांच्या उजव्या अंगठ्याची निशाणी. सर्व मजकूर कलम ५ सह वाचून दाखविला. कलम ५ त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावले व ऐकून मग निशाणी केली.