न वाजणारी खिरापत

प्रिय ताई,

काल कोजागिरीला भुलाबाईचं बादलीत विसर्जन झालं आणि आज मी अकोल्याहून अमरावतीला परतलो. एरवी हा वृत्तांत तुला फोनवर सांगितला असता आणि मी रंगात आलो की तू ‘कुकरची शिट्टी झाली रे’ म्हणून फोन ठेवून दिला असतास. आता निदान शेवटपर्यंत ऐकशील, म्हणून लिहितोय.

बातमी तुझ्या नातीची आहे. तू आषाढात गेलीस आणि ओवीनं खेळणं बंद केलं. रडणं नाही, हट्ट नाही. जेवायची, बालवाडीत जायची, घरी आली की खाटेखाली जाऊन बसायची. तुझ्या हाताखाली हीच पोरगी भेंडीचे ठसे उमटवून अख्खी भिंत रंगवायची, ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या करायची, हळदीत चुना कालवून लाल रंग झाला की शेजारीपाजारी बोलावून आणायची. तुझ्या लेकीनं, मुक्तानं, नवे रंग आणले, पुस्तकं आणली. ओवी म्हणायची, ‘राहू दे.’ चार वर्षांच्या लेकराच्या तोंडी ‘राहू दे’ ऐकलंयस कधी? 

त्यात भाद्रपदाची पौर्णिमा आली, महिनाभर भुलाबाई बसवायचे दिवस आले. मुक्ता म्हणाली, ‘मामा, यंदा आपल्याकडे सण नाही. शास्त्र काय म्हणते?’ आयुष्यभर संस्कृत शिकवल्याचं हे फळ. घरात कोणी गेलं की लोकांना माझी आठवण येते! मी गंभीर चेहऱ्यानं निर्णय दिला : भुलाबाई माहेरपणाला येते, आणि माहेरी आलेल्या लेकीला दारातून परत पाठवा असं सांगणारं शास्त्र माझ्या वाचनात नाही. वाचन अपुरं असेल. पण विचारणारी घाईत होती.

मुक्ताला रविवारी दवाखान्यात ड्युटी, म्हणून ओवीचा रविवार माझ्याकडे; सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला जायचो. दर्यापूरहून काळी माती मागवली आणि मी भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी घडवले. ओवी खाटेखालून बघत होती. भुलोजीला नाक लावायला गेलो तर आतून आवाज आला, ‘त्याले नाक नसते.’

‘काहून गं?’

‘सर्दी होते. आजीनं काढून ठेवलं.’

हा तुझा सिद्धान्त दिसतो. नाक रद्द केलं.

संध्याकाळी, भुलाबाईपुढची खिरापत ओळखायच्या वेळेला, ओवी आपणहून बाहेर आली. तुझा तो चेपलेला खिरापतीचा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली, काहीतरी भरलं, माझ्या कानाशी डबा खुळखुळवला आणि म्हणाली, ‘ओळख.’

ताई, किती आठवड्यांनी तिनं आम्हाला खेळायला बोलावलं होतं! मी सर्व विद्या पणाला लावली. डोळे मिटले, ध्वनी ऐकला, हेतू तपासला, अनुमान केलं आणि एका दमात म्हणालो, ‘फुटाणे! आणि त्यात खडीसाखर.’

बरोबर होतं.

ओवीनं डबा खाली ठेवला. म्हणाली, ‘तू आजी नाई.’ आणि परत खाटेखाली.

मुक्ता ड्युटीवरून आली तेव्हा मी खुर्चीत गुन्हेगारासारखा बसलो होतो. ऐकून म्हणाली, ‘मामा, बरोबर काहून ओळखलं तुमी?’

‘ओळख म्हणाली ना ती!’

‘आईनं कधी ओळखलं का? मुरमुरे असले तर आई म्हणे, याच्यात म्हैस आहे.’

मग आठवलं. यावरून मी तुला चिडवलं होतं. शाळेत पहिला नंबर काढणाऱ्या बाईला चिवडा ओळखता येऊ नये? तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘लेकरू जिंकते रे शास्त्र्या. तुह्या बापाचं काय जाते?’ बाप आपल्या दोघांचा एकच, हे मी लक्षात आणून दिलं होतं. मुद्दा मात्र लक्षात घेतला नव्हता.

मुक्ता तिला बाहेर ओढायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे तिला तिथंच. पुढच्या रविवारी मीच खाटेशेजारी फरशीवर बसलो. गुडघे तेवढे बोलले. डबा स्वतःच्या कानाशी हलवला आणि म्हणालो, ‘यात बडनेरा स्टेशन आहे.’

खाटेखालून प्रश्न आला : ‘स्टेशन डब्यात मावते का?’

‘गाडीला डबे असतात. स्टेशन त्यातल्याच एकात असेल.’

‘आबा, तुले काईच येत नाई!’

इतका मोठा सन्मान मला विद्यापीठानं दिला नाही. ती कोपरावर सरकत बाहेर आली आणि डबा माझ्या हातातून ओढून घेतला. मग दर रविवारी मी हरलो. हत्ती, पोस्टमन, माझं टक्कल. एकदाही खरी खिरापत सापडली नाही. आमच्या वादशास्त्रात हरण्याच्या जागांना निग्रहस्थानं म्हणतात. ती मी तोंडपाठ केली होती, राहून पाहिली नव्हती. तिथं गारवा असतो.

एकच गोष्ट बिनसली. भुलाबाईच्या खांद्याला तडा गेला. मी लिंपला, तरी तडा पुन्हा गेला. पाणी जास्त झालं, ऊन लागलं, अशी माझी निदानं चालू होती.

काल रात्री शेवटची खिरापत. ओवीनं डबा हलवला. आवाजच नाही! पुन्हा हलवला. शांत. ताई, काल मी खोटं हरलो नाही. खरंच सुचेना.

‘हारला?’

‘हारलो.’

तिनं झाकण काढलं. आत कापूस होता, सरकी काढलेला, पिंजलेला. ‘वाजतच नाई!’ म्हणून ती अशी हसली की मुक्ता दूध उतू घालवून धावत आली. दूध गेलं. 

मी विचारलं, ‘कापूस काहून गं?’

‘आजी मातीत टाकते. मंग भुलाबाई तडकत नाई.’

‘अगं, मग आधी का नाही सांगितलं?’

‘तू विचारलंच नाई.’

नाही विचारलं, ताई. तुलाही कधी नाही. तूसुद्धा आपणहून सांगितलं नाहीस, हा तुझा दोष, लिहून ठेवतो.

त्यातला चिमूटभर कापूस ओवीनं माझ्या खिशात कोंबलाय, पुढच्या वर्षासाठी. शब्द देतो : पुढच्या वर्षी मातीत कापूस पडेल, नाक लागणार नाही, आणि डब्यात काय आहे हे विचारल्याशिवाय मला कधीच कळणार नाही.

तुझा हरलेला,
शास्त्र्या