वापरलेले कार्बन

सौंसर,
१४ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप मोरेश्वरभाऊस,
रजनीचा नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. थंडी पडू लागली आहे. मोहगावच्या बाबांच्या बागेत संत्र्याचा आंबिया बहार चांगला उतरला असं ऐकते. ऐकतेच फक्त, तू मला बागेत पाऊल कुठे टाकू देतोस!

हे पत्र टाईप केलेलं नाही, हाताने लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला तू मला जुना मराठी टाईपरायटर दिलास, तेव्हा मी साऱ्या आळीला दाखवत फिरले. पांढुर्ण्याच्या टायपिंग क्लासात सर बजावायचे, प्रतीसाठी कार्बन लावल्याशिवाय कागद चढवायचा नाही. माझी ती सवय तुला ठाऊक होती. म्हणून दर महिन्याला नवे कार्बन पाठवायचास आणि वर निरोप, "जुने वापस पाठव, दुकानातल्या बिलबुकाले चालतात." आणि मी बावळट, एकदाच वापरलेले कार्बन नीट गुंडाळून तुला बसने पाठवत राहिले.

राखीला आले होते तेव्हा वहिनी वाढता वाढता चार बायांसमोर म्हणाली, "काहून वं रजनी, तिसऱ्याच महिन्यात गेलं म्हणे? आमाले सांगाची लाज वाटे काय?"

ते मी सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं. फक्त छायाला लिहिलं होतं. मला वाटलं, तिनेच सांगितलं. बारा वर्षांपासूनची मैत्रीण. तिला नाही नाही ते बोलले, बोलणं तोडलं.

मग बागेतल्या माझ्या वाट्यासाठी मी लावलेल्या दाव्यात तुझं उत्तर आलं. मी माझ्या वकिलांना, भगवंतरावांना, जे जे लिहिलं होतं त्या प्रत्येक मुद्द्याला तुझं प्रत्युत्तर तयार. ते माझी टाईप केलेली पत्रं चाळत म्हणाले, "जुने कार्बन कोणाले देऊन राहिल्या तुम्ही, बाई?"

घरी येऊन एक कार्बन खिडकीशी धरला. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

घरातले सगळे कार्बन चुलीत घातले. एक कोरा तेवढा ठेवला. त्यावर भगवंतरावांच्या नावाने पत्र टाईप केलं, की बाबांचं वाटणीपत्र वाळवीने खाल्लं, माझ्याजवळ काहीच पुरावा उरला नाही. पत्र फाडून टाकलं. कार्बन तुला पाठवला. आठ दिवसांत तू कोर्टात शपथेवर लिहून दिलंस, बाबांनी वाटणी कधी केलीच नाही!

वाळवी लागली नाही, भाऊ. पूर्वेकडची अर्धी बाग रजनीची, असं बाबांच्या हातचं लिहिलेलं आहे आणि खाली साक्षीदार म्हणून तुझी सही आहे. तो कागद काल दाखल झाला.

छायाच्या पाया पडून आले. ती रडली, मीही रडले.

आता तुझा समेटाचा निरोप येईल. पाठवू नकोस. बाग प्रेमाने मागितली असतीस तर कदाचित सोडलीही असती. पण माझं गेलेलं लेकरू तू वाचलंस आणि बायकोला जेवताना बोलायला दिलंस. त्याला माफी नाही.

वीस तारखेला कोर्टात जज्जसाहेब एवढंच विचारतील, ही सही तुमची का? मी समोरच्या बाकावर बसलेली असेन. माझ्याकडे बघून उत्तर दे.

अर्ध्या बागेची मालकीण,
रजनी