व्याह्यासोबत मासे धराले काय घालून जाऊ?

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

पुंजाजीचा फोन! पायलचा बाप. म्हणजे माझा व्याही — पण पाच वर्षांत एक शब्द बोललो नसन त्याच्याशी. आमच्या पियुषनं पायलशी लग्न केलं, ते लोक बौद्ध, आपण कुणबी, मी लग्नाले गेलो नाही. तेव्हापासून पोरगा बोलत नाही. आन् आज हा माणूस म्हणते, "इवाई, रविवारी बार्शीटाकळीले या. तलावावर मासे धरू." जसं काही रोजचं बोलणं!

मी 'हाव, येतो' म्हणून बसलो. तोंडातून निघूनच गेलं.

माळकरी माणसाले मासे धराले बोलावते! टिंगल तर नाही? नाही, हे पियुषनंच सांगितलं असणार. तोही येईल तिथं. नाही तर यानं काहून फोन केला असता?

बायको मैना म्हणते, "काही घाला, पण जा. तुमी नाही गेले तर मी जाईन."

१७ जानेवारी

काय घालू? भजनाचं धोतर-सदरा घालून पाहिलं. मासे धराले चाललो का कीर्तनाले, समजत नाही. मग तो चॉकलेटी सफारी काढला. पियुषच्या लग्नासाठी शिवला होता — तेव्हा त्याची बोलणी दुसरीकडे चालू होती. अंगाले लागलाच नाही. आज पोटावर बटन लागत नाही.

शेजारचा कुंदन दर रविवारी गळ घेऊन जाते, त्याले विचारलं. हसत सुटला. "काका, मासे तुमाले पाह्याले येनार हायेत का? मळके कपडे घाला. भडक दिसलं का मासा बिचकते."

मैना आतून ओरडली, "पाच वर्षांनी पोरापुढं जाऊन राहिले आन् मळके कपडे?"

दोघंही बरोबर बोलतात. माझंच डोकं चालत नाही.

१८ जानेवारी

कपड्यांचं सोड. माळेचं काय करू?

बावीस वर्षं गळ्यात आहे. ती घालून जीव धरायचा? पाप. काढून ठेवायची? तेही पापच! आन् घालून गेलो तर पुंजाजीले काय वाटेल — हा अजून तसाच, आमच्या हातचं खाणार नाही.

खरं लिहू? हे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. लग्नाले न जाण्याचं कारण मी माळच सांगितलं होतं. "माळकऱ्यानं कुठंही जेवू नये," म्हणालो. लग्नात जेवण शाकाहारी होतं. वरण, भात, बुंदी. मले पत्रिका आली तेव्हाच ठाऊक होतं. माळेले मी उगाच बदनाम केलं.

आता ती काढू का ठेवू? विठ्ठला, काहीच समजून नाही राहिलं.

१९ जानेवारी, रविवार, पहाट

काढली. देवाजवळ ठेवली. मैनानं पाहिलं. जुनी राखाडी पँट, भुरा स्वेटर — कोपरावर भोक. साडेपाचची बस.

रात्री

पियुष नव्हता.

पुंजाजी मले घ्याले अकोल्याच्या स्टँडवर स्कूटी घेऊन उभा. पांढरा शुभ्र शर्ट, कडक इस्त्री, नवे बूट. आन् मी भोकाच्या स्वेटरात! लाजेनं मेलो. म्हटलं, "मासा बिचकन ना तुमचा." तर म्हणे, "बिचको. इवाई पयल्यांदा येऊन राहिले, मी काय मळक्या कपड्यात येऊ?"

तलावावर त्यानं मले काठी दिली. दोरीले कणकेचा गोळा, पण गळ नाही! मले वाटलं विसरला. म्हटलं, "अहो, गळ लावला नाही." तो पाण्याकडं पाहत म्हणाला, "तुमाले माळ हाय ना. मासे येतीन, खातीन, जातीन. पाप लागनार नाही."

मंग माझ्या गळ्याकडं पाहिलं. मी स्वेटरची कॉलर वर ओढली — कॉलर कुठं होती त्याले! त्यानं स्वतःच्या दोरीचाही गळ काढला आन् खिशात टाकला. तीन तास दोघं येड्यासारखे माशांले कणीक चारत बसलो.

जेवाले दोघांलेही भाकर आन् वांग्याची भाजी. मले दिलेला डबा नवाकोरा, कंपनीचा कागद तसाच चिकटलेला. माझ्यासाठी घेतला असणार. मले रडू आलं. म्हटलं, "तुमच्या डब्यातलं द्या." त्यानं दिलं. तिखट होतं, पुरं खाल्लं.

पियुष काहून नाही आला, हे विचारायची हिंमत झाली नाही. येताना बसमध्ये तेच चालू — बोलावाले पियुषनंच लावलं, मग आला काहून नाही?

२० जानेवारी

मैना शंभरदा विचारते, "पियुष भेटला का?" काय सांगू?

२१ जानेवारी

पियुषचा फोन! आवाज चढलेला. "बाबा, तुमाले कोनं बोलावलं होतं तिथं? मी नाही बोलावलं. पाच वर्षांपासून पायलच्या बाबांना बजावून राहिलो, माझ्या बापाले फोन करायचा नाही म्हणून!"

म्हटलं, "बरोबर बजावलं बेटा. मी त्याच लायकीचा होतो."

  त्यानं फोन ठेवला नाही.