बुलडोझरच्या आधी

३ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गॅलरीतली बोन्सायं पाहून आल्यापासून माझी नजरच बिघडली आहे. वसाहतीमागच्या वाळवंटात आजवर मला नुसता काट्यांचा पसारा दिसायचा; आता दिसेल ते झुडूप मनातल्या मनात कुंडीत बसवते. जेमतेम गुडघ्याएवढी, पण खोडं अशी, की जणू पिळून ठेवलेल्या चादरी. वाऱ्याने वाकवलं, शेळ्यांनी ओरबाडलं, तरी जागा सोडली नाही. थेट आपली मोठी आत्या!

पण तिथे गोदाम व्हायचं आहे. मार्चअखेर बुलडोझर फिरणार आणि तो फिरवून घेणारे साहेब म्हणजे आमचे हे. मला आधी झुडपं काढू द्या म्हटलं, तर म्हणाले, वाळवंटातलं झाड कुंडीत जगत नाही, मरणाऱ्याला कशाला छळतेस. दोन दिवस अबोला धरला तेव्हा कुठे एकाची परवानगी मिळाली. ते फुटलं तर बाकीची सगळी माझी. नाही तर विषय बंद.

माझ्या हातून मनी प्लांटसुद्धा जगत नाही हे तू जाणतेसच. म्हणून गोणपाटात बांधून तुझ्याकडे पाठवते आहे. सगळी मदार तुझ्यावर.

तुझी,
धाकटी

१९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पाहुणा सुखरूप पोचला. सूनबाईंनी गोणपाट सोडलं आणि मला विचारलं, आई, हे सरपण कुणी पाठवलं? मी म्हटलं, माहेरून आलंय, नीट बोला.

आल्या आल्या त्याला नळाखाली धरलं. मुळांना चिकटलेली सगळी वाळू जुन्या टूथब्रशने घासून काढली. आपली नखं तपासणाऱ्या शाळेतल्या सिस्टर असत्या तर शाबासकीच देत्या. उथळ निळ्या कुंडीत काळी माती, भरपूर खत आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. मेहुणेबुवांना म्हणावं, हार पत्करायची तयारी ठेवा.

तुझी,
अक्का

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

लिहायला हात उचलत नाही. पानं पिवळी पडली, मग गळली. आता नुसता सांगाडा उरला आहे. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं, रात्री आत घेऊन निजवलं. माझ्यामुळे तुझी सगळी झुडपं जाणार. मेहुण्यांना तूच सांग, माझ्याने व्हायचं नाही.

तुझी,
अक्का

१९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

यांना मी काहीएक सांगितलेलं नाही आणि तूही रडू नकोस. तू मुळं घासलीस हे वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. पण मोठ्या बहिणीला शिकवायचं कसं, म्हणून गप्प बसले. परवा त्याच्या खड्ड्यापाशी गेले. मागे राहिलेल्या मुळांना वाळू अजून चिकटून होती आणि तिच्यात बारीक पांढऱ्या तंतूंचं जाळं. ती त्याची जन्माची सोबत असणार, अक्का, आणि तू तिला मोरीत सोडलीस!

आता ऐक. नखाने साल जराशी खरवड. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. काळी माती टाकून दे. त्याच खड्ड्यातली वाळू डबा भरून पाठवते आहे, तीच घाल. बोट खुपसून आत कोरडं लागेपर्यंत पाण्याचा थेंब नको. उन्हात ठेव आणि लाड बंद कर. मला वाढवताना केलेस तेवढे पुरे.

तुझी,
धाकटी

१२ मार्च

धाकटे,

मायना राहू दे, आशीर्वाद नंतर घे. फुटलं! हिरवं होतंच नखाखाली, पण विश्वास ठेवायचा धीर नव्हता. आज सकाळी अगदी खालच्या फांदीवर तांदळाच्या कणीएवढे कोंब, एक नाही, ओळीने! मी अशी ओरडले की सूनबाई साबणाच्या हातांनी धावत आल्या. त्यांनीच फोटो काढला, सोबत पाठवते. मेहुणेबुवा पुरावा मागितल्याशिवाय राहायचे नाहीत.

उड्या मारणारी,
अक्का

३० मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! यांनी चष्मा लावून फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. सुट्टीच्या दिवशी अख्खं कार्यालय फावडी घेऊन हजर! एकेक झुडूप आपल्या वाळूसकट उचललं. मुळांना पाणी लावायचं नाही, असा दम हेच सगळ्यांना देत होते, जणू जन्मभर माळीकामच केलं आहे. बुलडोझरचा चालक सावलीत चहा पीत आमची वाट बघत बसला.

फक्त सगळ्यांत म्हातारं झुडूप निघेना. कंबरभर खणलं तरी मूळ आपलं खालीच. मी म्हटलं, जाऊ द्या, बाकीची मिळाली. यांनी फावडं हातात घेतलं. खड्डा स्वतः बुजवला, गाडीच्या टपावर नकाशा पसरला आणि पेन्सिलीने कुंपणाची भिंत त्याला वळसा घालून नेली. वरून विचारणा झाली तर, म्हटलं. म्हणाले, कारण लिहून ठेवलंय, जमिनीत अडथळा.

भिंत आता तशीच उभी राहते आहे, अक्का. वळणासकट.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
धाकटी