मुरुडचे पाहुणे

आदरणीय तनुजा मॅडम,

हे पत्र तुम्हाला देणार न्हाई, पण कुणाला विचारू तेच कळंना.

शाळा सोडलेल्या पोरींच्या घरी मास्तरांनी जायचं, असं आपल्या हायस्कुलात यंदा ठरलं. तुम्ही अन् मोठे सर आमच्याकडं आलात, त्याच दिवशी मुरुडहून मला बघायला पाहुणे येणार होते. मुलाचे आईबाप, दोघंबी शिक्षक. मी साडी नेसून पोहे आणले. तुम्ही नाव विचारलं, कितवीपर्यंत शिकली विचारलं. अण्णांना वाटलं, हेच ते. "सोमवारपासून शाळेत पाठवा, गाडी येईल," तुम्ही म्हणालात, अन् अण्णा लगेच हाव म्हणाले. नुसत्या शाळेला ते कधीच हाव म्हणले नसते.

खरे पाहुणे आलेच न्हाईत. अण्णा गावभर सांगतात, सासरचे लई चांगले, लग्नाआधीच पोरीला शिकवायलेत. आईला सगळं कळलंय, तरी ती गप्प हाय. मी सांगितलं तर शाळा सुटंल, न्हाई सांगितलं तर अण्णा तोंडघशी पडतील.

येत्या रविवारी ते नारळ घेऊन तुमच्या घरी मुलगा बघायला निघालेत.

मॅडम, तुम्हाला मुलगा हाय का? असला तर त्याला म्हणावं, बारावी होईपर्यंत मला नापसंत करू नको.

तुमच्या वर्गातली,
सुकन्या